पदूच्या नळीतले सात दाणे

पदू निरगुडा पहाटे चारला उठतो. घरात घड्याळ नाही, पण चार म्हणजे चार. चूळ भरतो, आदल्या दिवशी ओढ्यात बुडवून ठेवलेला बांबू खांद्यावर टाकून आणतो आणि अंगणात बसतो. बांबूच्या पट्ट्या, म्हणजे पाती, काढायच्या त्या उजाडायच्या आत. ऊन लागलं की पाती कडक होते, कोयता उडतो आणि बोट जातं. आठ वाजले की तो कोयता खाली ठेवतो. पुढचं काम विणायचं, ते सावलीत.

कशेळ्याच्या वरच्या अंगाला ठाकरांची जी वाडी आहे, तिथे त्याचं घर. वय सत्तरीच्या पुढे. तो रोवळ्या करतो. रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली, तळाला चौकोनी, तोंडाला गोल. तांदूळ घालायचे, पाण्यात बुडवायची, हलवायची, उचलायची. पाणी गेलं पाहिजे आणि दाणा राहिला पाहिजे. रोवळीला दुसरं काम नाही.

ते काम कसं होतं ते सांगतो. बांबू उभा चिरायचा, चिरलेला पुन्हा चिरायचा. आतला गाभा काढून टाकायचा, वरची साल ठेवायची. पातीची जाडी बघायला पदूकडे माप नाही. तो पाती खालच्या ओठावरून ओढतो. ओठाला खरखर लागली की पुन्हा कोयता. तळाला बावीस पाती उभ्या, बावीस आडव्या. पाती काढायला एक पहाट, विणायला एक दिवस, काठ बांधायला अर्धा. मी हे बसून मोजलं आहे. बाजारात रोवळी हातात घेऊन ‘एवढ्याशा टोपलीचे एवढे?’ असं लोक विचारतात, म्हणून मोजलं.

माझी त्याची ओळख कारखान्यातली. मी खोपोलीच्या बाजूला एका कागद कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. त्या कारखान्यात तेव्हा कागद बांबूपासून व्हायचा. दिवाळी झाली की बांबूचे ट्रक सुरू व्हायचे, ते होळीपर्यंत. ते उतरवायला कंत्राटी माणसं लागायची, त्यांत पदू असायचा. भात झोडून झालं की यायचा, यार्डाच्या कडेला खोपटात राहायचा, होळीला परत जायचा. असे त्याने सोळा हंगाम काढले. बांबूची एक मोळी दोघांनी उचलायची असते. पदू एकटा उचलायचा आणि दुसऱ्याला म्हणायचा, तू पुढची बघ.

एक खोड मात्र त्याला होती. ट्रकमधून एखादा सरळ, लांब पेराचा बांबू आला की तो बाजूला काढून ठेवायचा. आमचा मुकादम येसाजी त्याला म्हणायचा, "पदू, तुझ्या रोवळीत मावंल तेवढा घरी ने. बाकीच्याचा आमी कागद करतो." सगळे हसायचे. पदूही हसायचा. संध्याकाळी तो बांबू तोच उचलून ढिगात टाकायचा. कारखान्याचा माल त्याने कधी घरी नेला नाही.

हंगाम संपला की मजुरीतला एक भाग तो फडक्यात बांधून घरी आढ्याला वेगळा ठेवायचा. कशाला म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाला, मातीला. त्याचा बाप लडकू गेला तेव्हा बाराव्याच्या जेवणाला वाडीत दारोदार तांदूळ मागावे लागले होते. आपल्या मातीला पोरांनी कोणाच्या दारात जाऊ नये, एवढी त्याची इच्छा. ते फडकं त्याने तोवर कधी सोडलं नव्हतं. बायकोच्या आजारपणातही तिनेच सोडू दिलं नाही म्हणे.

बापाकडून त्याला दोन वस्तू आल्या. एक कोयता. दुसरी, बोटभर लांबीची बांबूची नळी, लाकडी बूच लावलेली. तिच्यात चुलीतली राख, आणि राखेत तांदळाचे सात दाणे. जाडा लाल तांदूळ, पूर्वी वाडीवर सगळे पिकवायचे तो. तळ विणून झाला की पदू बूच काढायचा, एकेक दाणा फटीत टेकवायचा आणि अंगठ्याने दाबायचा. दाणा अर्धा आत, अर्धा बाहेर अडकला तर फट बरोबर. सुळकन गेला तर तळ उसवायचा. सातही दाणे सात ठिकाणी बघायचे. मी फिटर. आमच्याकडे फट मोजायचं गेज असायचं, पोलादाचं, पेटीत ठेवलेलं. पदूचं गेज राखेत होतं, एवढाच फरक.

त्यांच्या घरची एक रीत होती. पोरगा शिकला की नाही हे बाप सांगत नाही, ओढा सांगतो. पोराने केलेल्या रोवळीत पसाभर तांदूळ घ्यायचे, खाली पाण्यात पांढरं फडकं दोघांनी ताणून धरायचं, आणि रोवळी तीन वेळा धुवायची. फडक्यावर एकही दाणा पडला नाही तर घरचा कोयता त्याचा. पदूला तो पंधराव्या वर्षी मिळाला.

पदूच्या मुलाची, रोहिदासची, पाळी आली तेव्हा तिसऱ्या धुण्याला एक दाणा पडला. पदू म्हणाला, पडला. बास, एवढंच म्हणाला. रोहिदासने रोवळी तिथेच ठेवली आणि पुन्हा कोयत्याला हात लावला नाही. आता तो नेरळला टेंपो चालवतो, इमारतींच्या फरशा पोचवतो. शनिवारी घरी येतो, बाजार आणतो, बापाची काळजी घेतो. त्यात काही उणं नाही. पण कोयता पदूकडेच राहिला, आणि पदूच्या मागे तो कोणाकडे, हा प्रश्नही घरातच राहिला.

रोहिदासची बायको सुरेखा. सासऱ्याला ती मामा म्हणते. रोवळ्या डोक्यावर घेऊन कशेळ्याच्या बाजाराला जायचं काम तिचं. त्या घरात बायका कोयता धरत नसत. बांबू वाहायचा, भिजवायचा, विकायचा, पण चिरायचा नाही. सुरेखाने ही रीत मोडली नाही, बाजूने वाट काढली. पदूने फेकलेल्या पाती ती गोळा करायची आणि दुपारी घरातल्या विळीवर सोलायची. विळीवर भाजी नीट चिरते, बांबू चिरत नाही. पाती एका टोकाला जाड निघायची, एका टोकाला पातळ. तरी ती विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. पदू बघायचा. नको म्हणाला नाही, ये म्हणाला नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. सुरेखाला ताप होता म्हणून त्या बाजाराला पदू स्वतः खाली उतरला. ती नको म्हणत होती, आणि तो निघाल्यावर पाठोपाठ आलीच, शाल गुंडाळून. मी सुकी मासळी घ्यायला गेलो होतो, पदूजवळ टेकलो. तेवढ्यात खालच्या गावातली गोदा नावाची शेतकरीण आली. हातात पदूची रोवळी. ती तिने त्याच्या पुढ्यात ठेवली.

"आजोबा, ही परत घ्या. भात अर्धा, बाकीचा तांदूळ गटारात."

पदूने रोवळी उचलली. आपलंच काम ओळखलं. नळी काढली, बूच उघडलं, दाणा फटीत ठेवून दाबला. दाणा अडकला. त्याने रोवळी गोदापुढे धरली.

"बग. हालतो का?"

"ह्यो दाना कुटला?" गोदा म्हणाली. "असला तांदूळ आता खातंय कोन? माज्या सासूनं खाल्ला असंल." तिने पिशवीत हात घातला. नुकताच गिरणीतून आणलेला तिच्या शेतातला बारीक तांदूळ होता. मूठभर रोवळीत टाकला आणि हलवली. पाणीसुद्धा लागलं नाही. दाणे पदूच्या गुडघ्यावर पडले, शालीवर पडले, माझ्या चपलेवर पडले.

पदूने सुरेखाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"तुला ठावं व्हतं?"

"दोन वर्सं झाली, मामा," ती म्हणाली. "बाया सांगत्यात. मी भाजी धुवाया म्हनून इकते."

पदूने गोदाचे पैसे परत दिले, उरलेल्या रोवळ्या बांधल्या आणि उठला. आमच्या ओळखीच्या चाळीस वर्षांत एकही रोवळी परत आली नव्हती, हे मला माहीत होतं. दोन वर्षं त्या भाजीच्या म्हणून विकल्या जात होत्या हे मात्र मलाही नवीन होतं.

त्यानंतर पदू चारला उठेना. सुरेखा सांगायची, जागा असतो, पण उठत नाही. कोयता आढ्याला खोचलेला, बांबू ओढ्यात तसाच. बांबू फार दिवस पाण्यात राहिला की काळा पडतो आणि वास मारतो. तो काळा पडला. मी दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा त्याने मला चहा दिला, हवापाण्याचं बोलला, रोवळीचा शब्द काढला नाही. दुसऱ्या खेपेला उठताना एवढंच म्हणाला की दाणा खोटा नव्हता. मी म्हटलं, नव्हता. आमच्याकडेही गेज खोटं नसायचं, पण यंत्राचा सुटा भाग बदलला की गेज बदलावं लागायचं. 

महिनाभराने सुरेखाने आपली एक रोवळी त्याच्यापुढे ठेवली. विळीवर सोललेल्या पातींची, घट्ट, फट दिसणार नाही अशी विणलेली. तांदूळ पडायचा प्रश्नच नव्हता. पदूने तांब्याभर पाणी तिच्यात ओतलं आणि वाट बघत बसला. पाणी जाईना. थेंब थेंब गळत राहिलं.

"रोवळी नाय ही," तो म्हणाला. "हंडा हाय. डोक्यावर घे नि पान्याला जा."

सुरेखा हसली. महिन्यात पहिल्यांदा तो कामाचं बोलला होता.

मग त्याने तिला सांगितलं. दाणा बारीक झाला म्हणून फट मिटवायची नसते. फट बारीक करायची आणि फटी वाढवायच्या, म्हणजे पाणी तेवढंच जातं. त्यासाठी पाती बारीक हव्यात. बावीसच्या जागी तीस, बत्तीस. तेवढी बारीक पाती त्याने स्वतःही कधी काढली नव्हती. ती म्हणाली, विळीवर निघणार नाही. पदू उठला, आढ्याचा कोयता काढला आणि तिच्या हातात दिला. रीत मोडतेय हे दोघांनाही कळत होतं. वाडीतली धोंडूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, लडकू असता तर काय म्हटला असता. पदू म्हणाला, लडकू असता तर त्याची रोवळीपन परत आली असती.

दुसऱ्या दिवसापासून चारला दोघं उठू लागली.

तो कोयता जड. मूठ लडकूच्या पंजाची, पदूच्या हाताने झिजलेली. सुरेखाची बोटं तिला पुरी वेढत नसत, म्हणून कोयता हातात फिरायचा. पहिल्या महिन्यात डाव्या हाताची दोन बोटं कापली. रोज एक बांबू चिरायची, त्यातल्या पाच-सहा पाती कामी यायच्या, बाकी चुलीत. पदू समोर बसून ओठावरून पाती ओढायचा आणि बाजूला टाकायचा. एक डावीकडे, चार उजवीकडे. उजवीकडची चुलीची. त्याचा ओठ सोलून निघाला तेव्हा तिने स्वतःच्या ओठावर बघायला सुरुवात केली. हे जवळजवळ वर्षभर चाललं, मधले पावसाचे चार महिने आणि लावणी-कापणीचे दिवस सोडून. इतका बांबू येतोय कुठून हे मी तेव्हा विचारलं नाही. जंगलातून आता पूर्वीसारखा आणता येत नाही हे मला माहीत होतं.

पुढच्या मार्गशीर्षात तिचा तळ एकतीस पातींवर बसला. पदू म्हणाला, ओढ्यावर जाऊ. तांदूळ गोदाचा हवा, असं त्याने सांगून पाठवलं. गोदा स्वतःच तांदूळ घेऊन आली. म्हणाली, माझंच गाऱ्हाणं होतं तर निकाल मीच बघते. शनिवार होता, रोहिदास घरी होता. फडक्याचं एक टोक त्याने धरलं, दुसरं गोदाने. मी काठावर दगडावर.

पहिल्या धुण्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला रोवळी उचलली तेव्हा फडक्यावर एक दाणा होता. तुटका नव्हे, अख्खा.

गोदाच म्हणाली की एका दाण्याने कोणी उपाशी राहत नाही, माझ्याकडून ही पास. रोहिदास बापाकडे बघत होता. त्या जागी, त्याच ओढ्यात, त्याचा एक दाणा पडला होता.

पदूने दाणा उचलला. हातावर घेऊन बराच वेळ बघितला.

"पडला," तो म्हणाला.

रोहिदासने फडकं सोडलं. मला वाटलं, झालं. हीही आता रोवळी ठेवील आणि उठून जाईल. सुरेखा उठली नाही. तिथेच दगडावर बसली आणि रोवळी उलटी केली.

"कुटून पडला त्ये बगते," ती म्हणाली, आणि काठ उसवायला लागली.

पदू तिच्या शेजारी पाण्यात बसला, धोतर भिजवून. दोघांनी एकेक पाती काढून ओठावरून ओढली. सोळावी की सतरावी पाती होती. एका टोकाला नखभर जाड. जाड टोकाने शेजारची पाती उचलून धरली होती, तिथे फट मोठी झाली होती. पदूने ती पाती रोहिदासपुढे धरली.

"तुजी बी अशीच आसंल," तो म्हणाला. "मी बगितलीच नाय रं. पडला एवढंच सांगितलं. कुटून पडला त्ये सांगाया पायजे व्हतं."

रोहिदासने पाती हातात घेतली, ओठावरून ओढली, परत दिली. मग बायकोला म्हणाला, चल, पाणी गार आहे, घरी बसून उसव.

निघताना पदूने एक भलतंच काम केलं. ती जाड निघालेली पाती घेऊन सुरेखाच्या मुठीभोवती गुंडाळली, जिथे टोक आलं तिथे दाताने खूण केली आणि पाती कमरेला खोचली. तिने विचारलं तर म्हणाला, असू दे.

पंधरा दिवसांनी पुन्हा ओढा, पुन्हा गोदाचा तांदूळ. तीन धुणी झाली. फडकं पांढरं राहिलं. गोदाने ते झटकून, उलटून, उजेडाकडे धरून बघितलं. तिचं गाऱ्हाणं मिटलं.

रीतीप्रमाणे आता लडकूचा कोयता सुरेखाचा. सगळे तीच वाट बघत होते. पदूने पिशवीतून दुसराच कोयता काढला. नवा. कशेळ्याच्या हिरू लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद वापरून घडवलेला, जुन्यापेक्षा हलका, पात्याला अरुंद. मूठ खैराची, त्या दाताने खूण केलेल्या पातीच्या मापाने तासलेली. सुरेखाने धरला तेव्हा तिची बोटं अंगठ्याला भिडली. सोबत एक नवी नळी, राख भरलेली, पण दाण्यांविना. पदू म्हणाला, दाणे तुझे तू निवड. तिने गोदाच्या पिशवीतले सात घेतले, एकेक बघून. लडकूचे सात दाणे जुन्या नळीत आहेत. पदू अजून त्या मापाच्या रोवळ्या करतो, महिन्याला एखादी. मासळी धुवायला त्या चांगल्या.

सुरेखाकडे आता वाडीतल्या दोन मुली पहाटे येतात. एक तिची भाची संध्या, दुसरी धोंडूबाईची नात. लडकूचं नाव काढणारी धोंडूबाईच तिला सोडायला येते. मुलींच्या पाती सुरेखा ओठावरून ओढते आणि उजवीकडे टाकते. टाकण्याआधी कुठे जाड झाली ते बोट लावून दाखवते. चुलीला लाकूड कमी पडत नाही.

मी मागच्या महिन्यात वर गेलो तेव्हा पदूला तो राहिलेला प्रश्न विचारला. वर्षभर रोज चिरायला बांबू आणला कुठून? तो म्हणाला, खालच्या गावातल्या संतोषच्या बांबूच्या बेटातला, विकत. कीड लागू नये म्हणून काळोख्या पंधरवड्यात जाऊन स्वतः तोडायचा, पैसे रोख. शिकणारीला फुकटचा बांबू देऊ नये, फुकटचा मिळतो तो कसाही असतो, असं त्याचं म्हणणं. आणि रोख आणले कुठून? त्याने आढ्याकडे बोट केलं. फडकं तिथे नव्हतं.

"मातीचं काय मग?" मी विचारलं.

"बगत्याल कोनीतरी, फिटर. मी तवा कुटं बगाया आसनार?"

सोळा हंगाम त्याने ट्रकमधून बांबू उतरवला, त्याचा कागद झाला. त्या मजुरीतून सुरेखाच्या हातून वाया गेलेला वर्षभराचा बांबू आला, आणि हिरू लोहाराचा एक कोयता. तो कोयता पदूच्या हातात बसत नाही. मी त्याला धरून बघायला सांगितलं होतं.